फळ्यावरचं नाव, कंसातलं नाव

वरळीच्या बीडीडी चाळीत माणूस गेलं की इमारतीच्या तोंडाशी असलेल्या फळ्यावर खडूने लिहिलं जातं. वर 'दुःखद निधन', खाली पूर्ण नाव, मग अंत्ययात्रेची वेळ. मी आठवीत असताना अशाच एका फळ्यापुढे पाच-सहा मोठी माणसं उभी राहून एकमेकांना विचारत होती, 'हे कोण?' ज्याच्याबरोबर चाळीस वर्षं एकाच जिन्याने चढउतार केली, एकाच नळावर पाणी भरलं, त्या माणसाचं नाव त्यांना माहीत नव्हतं. मग कुणीतरी खडू उचलला आणि नावापुढे कंस करून आत दोनच अक्षरं लिहिली: बाबू. 'अरे देवा, आपला बाबू?' असं म्हणत सगळे वर धावले.

हा कंस माझ्या डोक्यात राहिला. पुढे मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता पीएचडीसाठी फळमाश्यांच्या बंदिस्त समूहात जनुकांची रूपं पिढ्यान्‌पिढ्या कशी कमीजास्त होतात ते मोजते. बाटल्या, केळ्याचा लगदा, सूक्ष्मदर्शक. नावांचा आणि माझ्या प्रबंधाचा कागदोपत्री काहीही संबंध नाही. तो जुळला एका खिडकीवर.

चाळीच्या पुनर्विकासात आपली खोली 'पात्र' ठरवायची तर कागद लागतात. आमच्या घरातले कागद एकत्र केले तेव्हा कळलं, की आजोबांचं नाव भाडेपावतीवर शेवटी 'जी' लावून आहे, गिरणीच्या कागदांवर 'जी' शिवाय आहे आणि मतदार यादीत भलत्याच ऱ्हस्व-दीर्घाने आहे. आजीची तर तीन नावं निघाली. माहेरचं एक, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं सासरचं दुसरं, आणि गावच्या शाळेत मास्तरांनी आपल्या मनाने घातलेलं तिसरं. ती शाळेत जेमतेम वर्षभर गेली होती, पण नाव राहिलं. खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, 'आजी, यातलं खरं नाव कुठलं?' आजी म्हणाली, 'हाक कोण मारतंय त्यावर आहे.' शेवटी मुद्रांकाच्या कागदावर प्रतिज्ञापत्र झालं, की वरील तिन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत. त्यासाठी चार हेलपाटे झाले.

तुम्ही नेट-सेट किंवा पेटची तयारी करत असाल, विषय शोधत असाल, तर हे तुमच्यासाठी सांगतेय. आपल्याला वाटतं डेटा म्हणजे आकडे. नाव हा तर सगळ्यात सोपा डेटा, प्रत्येकाला एक असतो. बघा बरं मोजून.

आधी जागेबद्दल थोडं. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं, आणि त्याच्या नावाची तीन अक्षरं म्हणजे बीडीडी. गिरणी कामगारांसाठी या खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड (आताचा ना. म. जोशी मार्ग) आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला अधिक तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याच्या टोकाला सामाईक. सुरुवातीची काही वर्षं वरळीच्या खोल्यांना माणसंच मिळेनात. १९३० च्या सत्याग्रहात सरकारने यातल्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला, इतकी जागा रिकामी होती. नंतर मात्र कोकणातून, साताऱ्याकडून, सांगली-कोल्हापुरातून, नगरकडून माणसं आली आणि खोल्या अशा भरल्या, की रात्री झोपायला व्हरांडे पुरेनात. मराठा, कुणबी, महार, चर्मकार, इतर कित्येक जाती एकेका चाळीत किंवा शेजारशेजारच्या चाळींत आल्या. एवढ्याशा जागेत चार पिढ्यांची बारशी झाली. नावांचा अभ्यास करायचा तर ही जागा म्हणजे माझ्या फळमाश्यांच्या बाटलीसारखी, असं मला आधी वाटलं होतं. ते चूक होतं, पण त्याकडे नंतर येऊ.

पहिल्या पिढीची, म्हणजे गावाहून पत्र्याची ट्रंक घेऊन आलेल्यांची नावं ऐकली की दोन गोष्टी लक्षात येतात. एक म्हणजे गावचा देव. जोतिराम म्हटलं की कोल्हापूरकडचा, वाडी रत्नागिरीच्या जोतिबाचा. रवळू म्हटलं की दक्षिण कोकणातल्या रवळनाथाचा. खंडू, भैरू, म्हसू, विठाबाई, तुकाराम. नावावरून माणसाच्या गावाची दिशा कळायची. दुसरी गोष्ट जास्त बोचरी आहे. दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिकू. दगड, धोंडा, केर, कचरा, भीक. कोणते आईबाप पोटच्या पोराला कचरा म्हणतील?

ज्यांची आधीची मुलं गेलेली असत, ते. मूल मौल्यवान आहे हे नजरेला, देवीच्या साथीला, मृत्यूला कळू नये म्हणून त्याला टाकाऊ नाव द्यायचं. मुलाचं नाक टोचून नथ घालायची आणि नथू म्हणायचं, म्हणजे मुलगीच आहे असं वाटून मृत्यू पुढे जाईल. (मुलीला मृत्यूने नेलं तर चालेल, हा त्यातला न बोललेला भाग.) ही नावं म्हणजे एका अर्थाने बालमृत्यूची नोंदवही आहे. १९२१ साली मुंबई शहरात नोंदलेल्या दर १००० जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भकमृत्यू नोंदले गेले. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या अहवालात महाराष्ट्राचा हाच दर १६ होता.

इथे थांबा. सहाशेचा आकडा वाचून तुम्ही हळहळला असाल, मीही हळहळले. पण संशोधनाच्या तयारीत असाल तर हळहळून झाल्यावर विचारा, की भागाकारात खाली काय आहे? कामगारांच्या बायका बाळंतपणाला गावी जात. जन्माची नोंद झालीच तर गावात. तीन-चार महिन्यांचं मूल घेऊन बाई मुंबईत परत येई आणि चाळीत ते दगावलं तर मृत्यू मात्र मुंबईच्या खात्यात जाई. म्हणजे वरचा आकडा पूर्ण आणि खालचा अपुरा. दर खराखुरा भयानक होता यात शंका नाही, एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत तर जास्तच होता, पण छापील आकडा वास्तवाहून फुगलेला आहे. ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांचं मुंबईतल्या कामगारांवरचं आणि त्यांच्या घरांवरचं पुस्तक १९२५ चं आहे. त्या काळातल्या अशा पुस्तकांतली कोष्टकं उतरवून घेताना ही गोष्ट विसरलात तर व्हायवाला कुणीतरी नक्की पकडेल.

पुन्हा दगडूकडे. त्याच्या नावाचं एक कारण सांगितलं, दुसरंही आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नाव कसं ठेवावं याचा नियम आहे: ब्राह्मणाचं मंगल, क्षत्रियाचं बळ दाखवणारं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं तिरस्कार दाखवणारं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्यात बारशाचासुद्धा कायदा होता. गावात खालच्या मानलेल्या जातीच्या माणसाला 'राव' किंवा 'पंत' लावायची सोय नव्हती. रामाचा राम्या आणि गौतमाचा गोत्या व्हायचा.

मग एखाद्या दगडूचं नाव नजर लागू नये म्हणून आलं की हीन ठरवायला? दोन्ही कारणांनी दिसणारं नाव एकच. संख्याशास्त्रात याला गोंधळ घालणारा घटक म्हणतात. तो सोडवायचा तर तुलना हवी. धोंडो केशव कर्वे ब्राह्मण होते. १८५७ च्या उठावातल्या नानासाहेब पेशव्यांचं नाव धोंडोपंत होतं. म्हणजे धोंड्याचं नाव वरच्या जातीतही होतं, फक्त तिथे त्याला मागून 'पंत' मिळायचं आणि महारवाड्यात 'या'. म्हणून मी असं म्हणते: मूळ शब्द बालमृत्यूचा आणि शेपूट जातीचं. हे माझं वाचन आहे. तुम्हाला ते खोडता आलं तर जरूर खोडा, पण केरू आणि कचरू वरच्या जातींत किती सापडतात ते मोजून.

दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं. लेखकाचं कागदावरचं नाव दगडू मारुती पवार. पुस्तकात दया पवार हा शिकलेला, नोकरी करणारा माणूस दगडू मारुती पवारला भेटतो आणि दगडू आपली कहाणी सांगतो. एका माणसाची दोन नावं समोरासमोर बसवून सगळं आत्मचरित्र उभं केलंय. माझ्या आजीने ते वाचलेलं नाही, पण खिडकीवर तिने दिलेलं उत्तर मला त्या पुस्तकातलं वाटलं. २०१४ मध्ये 'टाइमपास' सिनेमा आला आणि त्याच्या चाळीतल्या नायकाचं नाव दगडू. थिएटरात पोरं शिट्ट्या मारत होती. सत्तरऐंशी वर्षांत एक नाव काळजीतून लाजेत आणि लाजेतून विनोदात गेलं. मृत्यूचा दर खाली आला नसता तर त्यावर हसायची सोय झाली नसती.

मुलींचं गणित वेगळं राहिलं. लागोपाठ मुली झाल्या की शेवटच्या मुलीचं नाव नकुशा, म्हणजे नको असलेली. हे जुन्या काळातलं नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात प्रशासनाने कार्यक्रम घेऊन अशा सुमारे २८५ मुलींची नावं बदलली. आमच्या मजल्यावरची निम्मी घरं त्याच जिल्ह्यातली. मूल जगण्याची खात्री वाढल्यावर दगडू संपला. नकुशा संपली नाही, कारण तिचं मूळ मृत्यूच्या भीतीत नव्हतंच.

आता १९५६. त्या वर्षाच्या १४ ऑक्टोबरला नागपूरला डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारला. ६ डिसेंबरला ते गेले. ७ तारखेला दादरच्या समुद्रकिनारी अंत्यसंस्कार झाले आणि तिथेच असंख्य लोकांनी दीक्षा घेतली. वरळीच्या चाळींतून माणसं चालत गेली होती. पुढच्या काही वर्षांत या चाळींतल्या पाळण्यांत जी नावं आली ती आधी तिथे जवळपास नव्हतीच: सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद, नागसेन, सुजाता, विशाखा, यशोधरा, संघमित्रा, प्रज्ञा, करुणा. बाबासाहेबांनी १९४६ सालीच मुंबईतल्या कॉलेजला सिद्धार्थ नाव दिलं होतं, म्हणजे बारशांच्या दहा वर्षं आधी ते नाव इमारतीवर लागलेलं होतं. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर आणि नागसेन म्हणजे त्याच्या प्रश्नांना उत्तरं देणारा भिक्खू. दोन हजार वर्षांपूर्वीचे ते दोघे वरळीत एका खोलीत भाऊ म्हणून जन्मले, एकाच पाटावर जेवले, एकाच बॅटसाठी भांडले.

खुद्द आंबेडकरांच्या घरातली साखळी बघा, ती जाहीर आहे. वडील रामजी, स्वतः भीमराव, मुलगा यशवंत. नातवंडं प्रकाश, भीमराव, आनंदराज आणि रमा. पणतू सुजात. पहिलं नाव दैवताचं. नातवंडांत दोघांना आजोबा-आजीची नावं परत मिळाली, ही जुनी रीत. प्रकाशचा जन्म १९५४ चा, धर्मांतराच्या आधीचा, आणि नाव त्या काळात सगळ्या महाराष्ट्रात चालणारं. आनंद हा बुद्धाचा शिष्य. सुजातामधून सुजात. पाच पिढ्यांत नाव ठेवण्याच्या चार तऱ्हा झाल्या.

आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याची रीत सगळ्याच जातींत होती, आणि तिच्यातूनच फळ्यावरचा तो कंस आला. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. मुलाला तेच नाव ठेवलं तर आईने पोराला हाक कशी मारायची? म्हणून बाळ, बाबू, नाना, आबा, दादा. कागदावर आजोबा, हाकेत बाबू. आणि साठ वर्षांनी फळ्यापुढे उभी माणसं, 'हे कोण?'

आता माझ्या विषयाकडे येते. लोकसंख्या जनुकशास्त्रात एक साधं मॉडेल आहे. समजा एखाद्या जनुकाच्या रूपाचा फायदाही नाही, तोटाही नाही. पुढच्या पिढीत ते रूप किती जणांकडे जाईल हे केवळ योगायोगावर ठरतं. काही रूपं वाढतात, बरीचशी नाहीशी होतात, अधूनमधून नवी जन्मतात. याला न्यूट्रल ड्रिफ्ट म्हणतात. मराठीत यादृच्छिक विचलन म्हणतात, पण तसं बोलताना मी अजून कुणाला ऐकलं नाही. २००३ मध्ये मॅथ्यू हान आणि अलेक्झांडर बेंटली यांनी दाखवलं, की अमेरिकेतल्या बाळांच्या नावांचं वाटप याच मॉडेलने बऱ्यापैकी समजावता येतं. आईबाप आजूबाजूची नावं जवळजवळ आंधळेपणाने उचलतात आणि कुणीतरी क्वचित नवं नाव काढतो, एवढं गृहीत धरलं तरी मोजकी नावं भरपूर जणांना आणि ढीगभर नावं एकेकाला, असं खऱ्यासारखं चित्र येतं. पहिल्यांदा हा निबंध वाचला तेव्हा मी रात्री झोपले नाही. मला वाटलं, चाळीवर हेच करायचं.

पण १९५६ हे ड्रिफ्ट नाही. हजारो घरं एकाच वेळी, ठरवून, एका बाजूला वळली. योगायोगाच्या मॉडेलमध्ये त्याला जागा नाही आणि त्याला 'बाहेरचा धक्का' म्हणून बाजूला ठेवणं म्हणजे चाळीचा इतिहासच बाजूला ठेवणं. मॉडेल जिथे तुटतं तिथे काय झालं, हा प्रश्न त्या मॉडेलनेच मला दिला, हे मात्र कबूल करायला हवं.

मधली वर्षं, साधारण १९६० ते १९९०, ड्रिफ्टला जास्त मानवतात. समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली लीबरसन यांचं 'अ मॅटर ऑफ टेस्ट' (२०००) हे पुस्तक मिळालं तर वाचाच. त्यांचं म्हणणं, नावांची फॅशन बरीचशी आतूनच चालते. कालच्या नावाला थोडं बदललं की आजचं नाव होतं, आणि ते बदल बहुधा आवाजाचे असतात. मराठीत हे चटकन दिसतं, शेपटाकडे बघा. आजीच्या पिढीला 'बाई': सोनाबाई, विठाबाई, अनुसूयाबाई. मग 'ता' ची लाट: सुनीता, अनिता, संगीता, सविता, वनिता, कविता. मग 'ली': वैशाली, रुपाली, सोनाली, दीपाली. मग नुसता 'ल': शीतल, स्नेहल, कोमल, सोनल. आता 'या': अनन्या, काव्या, आराध्या. मुलांमध्ये रमेश, सुरेश, दिनेश, राजेश यांचा 'एश' मोठा काळ टिकला, त्यातून पुढे सिद्धेश आणि प्रथमेश निघाले, आणि आता शिवांश-रेयांश आलेत. आईवडिलांना वाटतं आपण काहीतरी वेगळं शोधलं. शाळेत बाई हजेरी घेतात तेव्हा कळतं, वर्गात तीन स्नेहल. हा क्रम तपासायला तुमच्या घरातले तीन पिढ्यांचे वर्गफोटो पुरेत, मागे नावं लिहिलेली असतील तर.

लीबरसन आणखी एक सावधगिरी सांगतात. सिनेमातल्या किंवा क्रिकेटमधल्या नावामुळे लाट आली असं आपण पटकन म्हणतो. अनेकदा ते नाव आधीच चढतीवर असतं. तेंडुलकर १९७३ साली जन्मला आणि वडिलांनी सचिन देव बर्मन यांच्यावरून नाव ठेवलं. म्हणजे खुद्द सचिनच कुणाच्या तरी मागून आलेला. गावसकरांनी मुलाचं नाव वेस्ट इंडीजच्या रोहन कन्हायवरून ठेवलं. मजल्यावरच्या रोहनला विचाराल तर त्याची आई सांगेल, आत्याने सुचवलं. दोन्ही खरं असू शकतं.

आता तो राहुल. चाळीत दोन राहुल आहेत असं धरा, दोघं एकाच वयाचे. एकाच्या घरी तो बुद्धाचा मुलगा. दुसऱ्याच्या घरी बाराखडी, राशी आणि त्या दशकातले सिनेमे. नव्वदच्या दशकात शाहरुखच 'डर', 'दिल तो पागल है' आणि 'कुछ कुछ होता है' मध्ये राहुल होता. यादीत दोघं एकसारखे. जनुकशास्त्रात आम्ही हा फरक पहिल्याच सत्रात शिकतो: दोन रूपं स्थितीने सारखी असणं वेगळं आणि वंशाने सारखी असणं वेगळं. दिसायला तीच अक्षरं, पण आलेली दोन झाडांवरून. यादी तुम्हाला फक्त स्थिती सांगते. वंश विचारायचा तर त्या घरात जाऊन, चहा घेऊन, विचारावं लागतं की नाव कुणी ठेवलं आणि का. माझ्या बाटलीची उपमा इथे संपली. माश्यांना विचारता येत नाही.

मग यादी कुठली घ्यायची? अमेरिकेत सामाजिक सुरक्षा खातं १८८० पासूनची नावं सालवार देतं. आपल्याकडे तसं नाही. हाताशी आहे ती मतदार यादी: नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय, लिंग, घर क्रमांक. एका ओळीत दोन पिढ्या. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला खजिना सापडल्यासारखं झालं. मग खड्डे दिसू लागले.

पहिला खड्डा वयाचा. चाळीतल्या म्हाताऱ्या माणसांपैकी निम्मी १ जूनला जन्मली आहेत, कारण शाळेत घालताना मास्तरांनी तीच तारीख लिहिली. यादीत वयं साठ, पासष्ट, सत्तर अशी गठ्ठ्यांनी येतात. लोकसंख्याशास्त्रात हा गठ्ठा मोजायला व्हिपल निर्देशांक वापरतात. म्हणून एकेक वर्ष घेऊ नका, दहा वर्षांचे गट करा. दुसरा खड्डा जगलेल्यांचा. ऐंशी वर्षांची जी नावं यादीत आहेत ती ऐंशी वर्षं जगलेल्यांची. जो दगडू दुसऱ्या वर्षी गेला तो यादीत नाही, आणि त्याच्या नावाचं कारण नेमकं तेच होतं. अमेरिकेच्या यादीतही हे आहे. ते खातं १९३५ च्या कायद्याने आलं, म्हणून १८८० ला जन्मलेल्यांपैकी तोवर जगलेले आणि अर्ज केलेलेच मोजले गेले. तिसरा खड्डा निघून गेलेल्यांचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि नंतर कित्येक घरं गावी परतली, त्यांची पुढची पिढी वरळीच्या यादीत आलीच नाही.

आणि सगळ्यात मोठा खड्डा बायकांचा. यादीतल्या विवाहित बाईचं नाव बऱ्याचदा तिच्या बारशाचं नसतंच, ते सासरचं. म्हणजे मुलगी १९५० साली जन्मली, पण नाव १९६८ चं, आणि तेही सासरच्या आवडीचं. तुम्ही वयावरून तिला १९५० च्या गटात टाकलंत तर अठरा वर्षांची चूक. ओळीत वडिलांऐवजी पती असतो, त्यामुळे दोन पिढ्यांची सोयही पुरुषांपुरतीच. आजीची तीन नावं खिडकीवर अडचण होती, माझ्या तक्त्यात ती चूक होती. म्हणून मी आता बायकांसाठी वेगळा रकाना ठेवते: बारशाचं, शाळेचं, सासरचं, हाकेचं. भरायला वेळ लागतो. म्हाताऱ्या बायका माहेरचं नाव सांगताना आधी हसतात, मग जरा गप्प होतात.

शेवटचा प्रश्न नीतीचा, आणि तो सिनॉप्सिसमध्ये पहिल्या पानावर लागतो. एरवी आपण काय करतो? नाव काढून टाकतो, त्याजागी क्रमांक घालतो, झाला डेटा निनावी. इथे नाव हाच डेटा. काढलं तर काही उरत नाही, ठेवलं तर माणूस ओळखला जातो. वर आपल्याकडे आडनाव म्हणजे बहुधा जात, आणि पहिल्या नावावरूनही लोक अंदाज बांधतात. जानेवारी १९७४ मध्ये याच चाळींत दलित पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली, आणि कुणाची खोली कुठे आहे यावर बरंच काही ठरलं. त्या आठवणी ज्यांच्याकडे आहेत त्यांच्या घरात जाऊन 'तुमचं नाव असं का?' विचारताना आवाज आपोआप खाली येतो. या लेखात कुठल्याही घरातल्या माणसाचं नाव नाही, आजीचंसुद्धा नाही, ते त्यामुळे. माझं आडनावही इथे कुठे दिसणार नाही.

नावाचा साचा आताही बदलतोय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नोंद महाराष्ट्रात बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी होते. दवाखान्यात बाळाच्या मनगटाला 'बेबी ऑफ' लिहून आईचं नाव लावतात, ते पूर्वी बाराव्या दिवशी पुसलं जायचं, आता थोडं टिकेल. पण आईचं नाव म्हणजे कुठलं, माहेरचं की सासरचं? पन्नास वर्षांनी कुणी आपल्या दाखल्यांवर पीएचडी करील तेव्हा त्याला हा प्रश्न पडेलच.

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. ५०० चौरस फूट, लिफ्ट, दाराला बेल. नव्या इमारतीत गेलेल्या एका मावशींकडे गेले होते. त्या म्हणाल्या, मजल्यावर कोण राहतं ते दारावरच्या पाट्या वाचून कळतं, आणि पाट्यांवरची नावं त्यांना ओळखीची वाटत नाहीत. माणसं तीच आहेत, जुन्या चाळीतली.

माझं सध्या राजपत्र वाचणं चालू आहे. नाव बदललं की महाराष्ट्र शासन राजपत्रात छापतात, जुनं नाव आणि नवं नाव. चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयातून निघणारे ते अंक ग्रंथालयात बांधून ठेवलेले सापडतात. कुणी 'या' काढून टाकला, कुणी आडनाव, कुणी लग्नानंतर आलेलं नाव परत केलं. तिथे स्थितीबरोबर दिशाही मिळते, मतदार यादीत ती नव्हती. पुढच्या लेखात त्यावर लिहीन. तोवर तुमच्या घरातल्या तीन पिढ्यांची नावं, कुणी ठेवली आणि हाक कुठल्या नावाने मारायचे हे लिहून मला पाठवता आलं तर पाठवा. आडनाव खोडून.